फुप्फुसाचा कर्करोग आणि रक्ताची तपासणी : आशा किती, भरवसा किती?

(संस्थेच्या आरोग्य व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी डॉक्टर नाही. मी कला शाखेचा पदवीधर असून गेली वीस-बावीस वर्षे बँकेत कारकुनी करीत आहे. तेव्हा कर्करोगासारख्या विषयावर या माणसाने का बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. आपल्या चिटणीसांना मी हेच विचारले, तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टर औषध सांगतील, तुम्ही हिशेब सांगा." या विषयात हिशेबाला खरोखरच फार महत्त्व आहे, आणि तो हिशेब सामान्य माणसाला कोणी समजावून सांगत नाही. म्हणून मी आज आपल्यापुढे उभा आहे.

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला घराघरांतले आजार कळतात. मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडायला माणूस आला की शंभरात निम्म्या वेळा कारण दवाखान्याचे असते. अलीकडे मात्र एक नवा प्रकार पाहतो. आजारी नसलेला माणूस तपासणीसाठी ठेव मोडतो. कोणीतरी त्याला सांगितलेले असते की, रक्ताच्या एका बाटलीत कर्करोग सुरुवातीलाच कळतो. ही गोष्ट खरी की खोटी? खरी असेल तर किती खरी? आणि आपल्यासारख्या पगारावर जगणाऱ्या, मजुरीवर जगणाऱ्या माणसांनी तिच्यावर किती भरवसा ठेवावा? आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊ. जगात कर्करोगाने जितके लोक मरतात, त्यांत सर्वांत मोठा वाटा फुप्फुसाच्या कर्करोगाचा आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणे त्या एका वर्षात सुमारे २४ लाख ८० हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे १८ लाख माणसे या रोगाने गेली. त्याच वर्षी आपल्या देशात सुमारे ८१ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ७५ हजार मृत्यू झाले. या दोन आकड्यांकडे नीट पाहा. खातेवहीत एका वर्षाची जमा आणि त्याच वर्षाचा खर्च जवळजवळ सारखाच यावा, तसे हे झाले. शिल्लक फार थोडी राहते.

असे का होते? फुप्फुसाच्या आतल्या भागाला वेदना जाणवत नाही. दाताला कीड लागली तर माणूस रात्रभर झोपत नाही. पण फुप्फुसात सुपारीएवढी गाठ वाढली तरी माणूस कामावर जातो, लग्नाला जातो, जेवतो, झोपतो. विडी ओढणाऱ्याला खोकला असतोच, म्हणून खोकल्याकडे कोणी लक्ष देत नाही. गाठ मोठी होऊन श्वासनलिका दाबते किंवा रोग हाडात, मेंदूत, यकृतात पोहोचतो, तेव्हा त्रास सुरू होतो. गाठ लहान आणि एकाच जागी असताना शस्त्रक्रियेने काढली तर निम्म्याहून कितीतरी अधिक रुग्ण पाच वर्षे आणि त्यापुढेही जगतात. रोग दूरवर पसरल्यानंतर सापडला तर अमेरिकेसारख्या संपन्न देशातही दहातला एखादाच पाच वर्षांचा टप्पा गाठतो. आपल्याकडे बहुसंख्य रुग्ण पसरलेल्या अवस्थेतच रुग्णालयात पोहोचतात.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे क्षयरोग. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. त्यामुळे खोकला, वजन उतरणे आणि छातीच्या एक्स-रेमध्ये डाग, एवढे दिसले की प्रथम क्षयाची शंका येते, आणि ती शंका चुकीची नसते. परंतु हीच तिन्ही लक्षणे फुप्फुसाच्या कर्करोगाचीही आहेत. माझे मामा गिरणीत कामाला होते. आयुष्यभर विडी ओढली. त्यांच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत, तरीही क्षयाची औषधे सुरू झाली. पाच महिने त्यांनी एकही गोळी न चुकवता औषध घेतले आणि पाच महिने त्यांचे वजन उतरत राहिले. पुढे सीटी स्कॅन झाला, गाठीचा तुकडा तपासला गेला, तेव्हा कर्करोग निघाला. तोवर तो पाठीच्या मणक्यात गेला होता. अशी कहाणी आपल्यापैकी अनेकांच्या घरात असेल, म्हणून ती सांगितली. तेव्हा लवकर निदान म्हणजे काय, हा प्रश्न आपल्यासाठी पुस्तकी नाही.

आता लवकर शोधण्याच्या प्रयत्नांचा थोडा इतिहास पाहू. साहजिकच पहिला विचार छातीच्या एक्स-रेचा झाला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९७१ साली धूम्रपान करणाऱ्या हजारो पुरुषांवर एक मोठा अभ्यास सुरू केला. एका गटाला दर चार महिन्यांनी एक्स-रे आणि थुंकीची तपासणी, दुसऱ्या गटाला नेहमीचा सल्ला. पहिल्या गटात कर्करोग अधिक सापडले, लवकरही सापडले. मात्र फुप्फुसाच्या कर्करोगाने मरणाऱ्यांची संख्या कमी झाली नाही! हे कसे झाले?

आपल्या परिचयाचे उदाहरण देतो. एखादा माणूस नाशिकहून मुंबईच्या गाडीत बसला आहे. तो गाडीत आहे हे मला कल्याणला कळले काय किंवा इगतपुरीला कळले काय, गाडी मुंबईला ठरलेल्या वेळीच पोहोचणार. इगतपुरीला कळले तर मला अधिक काळ माहीत होते, एवढेच. त्याला वाटेत उतरवता आले, तरच लवकर कळण्याचा उपयोग. म्हणून "आमची चाचणी रोग लवकर पकडते" हे वाक्य अपुरे आहे. त्या चाचणीमुळे मरणारी माणसे कमी झाली काय, हा खरा प्रश्न. अमेरिकेतच दीड लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांवर केलेल्या दुसऱ्या एका अभ्यासाचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला आणि त्यातही छातीच्या एक्स-रेने मृत्यू कमी होत नाहीत, हेच दिसले.

त्याच २०११ साली मात्र एक आशादायक निष्कर्ष आला. कमी किरणांचा सीटी स्कॅन या पद्धतीची परीक्षा अमेरिकेत ५३,४५४ माणसांवर झाली. सर्व ५५ ते ७४ वयाचे आणि रोज एक पाकीट याप्रमाणे किमान तीस वर्षे सिगारेट ओढलेले किंवा तितके धूम्रपान झालेले. वर्षातून एकदा, असे तीनदा स्कॅन झाले. एक्स-रे काढलेल्यांच्या तुलनेत स्कॅन झालेल्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. २०२० साली नेदरलँड्स आणि बेल्जियममधील अभ्यासाने पुरुषांमध्ये २४ टक्के घट दाखवली. म्हणजे येथे गाडीतून माणूस उतरवता आला.

पण स्कॅनचाही दोष आहे. त्या अमेरिकन अभ्यासात ज्यांच्या स्कॅनमध्ये संशयास्पद काही दिसले, त्यांच्यापैकी शंभरातील ९६ जणांना कर्करोग नव्हताच. जुन्या जखमेचा वण, एखादी निरुपद्रवी गाठ, असे काहीतरी होते. आपल्या देशात तर बऱ्या झालेल्या क्षयाचे वण लाखो छात्यांमध्ये आहेत. स्कॅनला वण आणि कोवळी गाठ यांतला फरक दर वेळी कळत नाही. मग पुन्हा स्कॅन, सुईने तुकडा काढणे, त्यात फुप्फुसाला छिद्र पडून हवा निसटण्याचा धोका आणि महिनोनमहिने जिवाला घोर. शिवाय सीटी स्कॅनचे यंत्र प्रत्येक तालुक्यात कोठे आहे?

म्हणून शास्त्रज्ञांनी रक्ताकडे पाहिले. रक्त कोठेही काढता येते, गावातल्या आरोग्य केंद्रातही काढता येते. कर्करोगाची काही खूण रक्तात उतरत असेल तर ती पकडून, नेमक्या माणसालाच स्कॅनसाठी पाठवावे, अशी ही कल्पना. कल्पना अत्यंत योग्य आहे. ती प्रत्यक्षात कोठवर आली, ते क्रमाने पाहू.

पहिला मार्ग प्रथिनांचा. १९६५ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी आतड्याच्या कर्करोगात सीईए नावाचा पदार्थ शोधून काढला. पुढे असे अनेक पदार्थ सापडले. आपल्याकडील तपासणीच्या पॅकेजमध्ये "ट्यूमर मार्कर" म्हणून जे लिहिलेले असते, ते बहुधा हेच. परंतु सीईए नुसत्या धूम्रपानानेही वाढते, आणि लहान गाठ असलेल्या कित्येकांत ते मुळीच वाढत नाही. कर्करोगाचे निदान झालेल्या रुग्णावर उपचार लागू पडतो की नाही, हे पाहायला डॉक्टर त्याचा उपयोग करतात. निरोगी माणसात रोग शोधायला तो पदार्थ कामाचा नाही. ही जुनी, निश्चित झालेली गोष्ट आहे. तरी त्या नावाखाली आजही पैसे घेतले जातात, याचे वाईट वाटते.

दुसरा मार्ग प्रतिद्रव्यांचा. शरीराचे रक्षक दल कर्करोगाच्या पेशींतील काही प्रथिनांना परके समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. गाठ लहान असतानाही ती रक्तात असू शकतात. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे अशा सात प्रतिद्रव्यांची एक चाचणी तयार झाली आणि स्कॉटलंडमध्ये तिची रीतसर परीक्षा घेण्यात आली. ५० ते ७५ वयाच्या, अधिक धोका असलेल्या १२,२०८ माणसांनी त्यात भाग घेतला. निम्म्यांची रक्ताची चाचणी झाली, निम्म्यांची नाही. ज्यांची चाचणी होकारार्थी आली, म्हणजे दहातला सुमारे एक, त्यांना दोन वर्षे दर सहा महिन्यांनी स्कॅन करण्यात आला. निकाल २०२० साली प्रसिद्ध झाला. चाचणी न झालेल्या गटात दोन वर्षांत ७१ जणांना फुप्फुसाचा कर्करोग निघाला, त्यांतले ५२ जण उशिराच्या किंवा अवस्था न कळलेल्या गटातले. चाचणी झालेल्या गटात ५६ जणांना निघाला, त्यांतले उशिराचे ३३.

५२ वरून ३३. ही घट लहान नाही, आणि तिचे कौतुक केले पाहिजे. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा जाहिरातीत छापला जात नाही. त्या ५६ रुग्णांपैकी रक्ताच्या चाचणीने होकार दिलेले फक्त १८ होते. उरलेल्या ३८ जणांना त्यांचे रक्त ठीक असल्याचे कळविण्यात आले होते. आणि दोन वर्षांत दोन्ही गटांतील मृत्यूंमध्ये शास्त्राच्या कसोटीला उतरेल असा फरक आढळला नाही.

तिसरा मार्ग डीएनएचा आहे आणि आज सर्वाधिक बोलबाला त्याचाच आहे. प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा अतिशय लांब धागा असतो, त्यावर शरीराचा सर्व मजकूर लिहिलेला असतो. पेशी मरते तेव्हा या धाग्याचे तुकडे रक्तात पडतात. १९४८ साली मँडेल आणि मेते या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी हे तुकडे प्रथम दाखवले. १९७७ साली कर्करोगाच्या अनेक रुग्णांत त्यांचे प्रमाण वाढलेले असते, असे आढळले. तुकडे सुमारे १६७ अक्षरांचे असतात आणि काही तासांत नाहीसे होतात. निरोगी माणसाच्या रक्तातही ते असतात व बहुतेक रक्तपेशींचेच असतात. त्यांतून गाठीचे तुकडे वेगळे ओळखायचे आहेत.

ओळखण्याच्या तीन रीती आहेत. पहिली रीत अक्षरचूक शोधण्याची. कर्करोगाच्या डीएनएमध्ये ठरावीक चुका असतात, त्या रक्तात सापडतात काय हे पाहायचे. परंतु वय वाढते तसे आपल्या पांढऱ्या रक्तपेशींतही अशाच चुका साचतात, त्यामुळे फसगत होते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०२० साली ही अडचण बारकाईने दाखवली. दुसरी रीत, डीएनएवर चिकटलेल्या रासायनिक खुणा वाचण्याची. यकृताच्या पेशीवरच्या खुणा वेगळ्या, फुप्फुसाच्या वेगळ्या, कर्करोगाच्या त्याहून वेगळ्या. त्यामुळे रोग आहे काय आणि कोणत्या अवयवात, या दोन्हींचा अंदाज येतो. तिसरी रीत तुकड्यांच्या लांबीची. निरोगी पेशीत डीएनए रिळाला दोरा गुंडाळावा तसा नीटनेटका गुंडाळलेला असतो, म्हणून तुकडे एका धर्तीने पडतात. कर्करोगाच्या पेशीत गुंडाळणी विस्कळीत असते, म्हणून तुकडेही वेडेवाकडे पडतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील व्हिक्टर वेलकुलेस्कू यांच्या गटाने २०१९ साली ही रीत मांडली, आणि त्यावर आधारलेली फुप्फुसाच्या कर्करोगाची चाचणी २०२३ साली अमेरिकेत उपलब्ध झाली.

बंधू-भगिनींनो, या शोधांमागची बुद्धी पाहून थक्क व्हायला होते. तरीही एक मर्यादा अशी आहे की ती यंत्र सुधारून संपत नाही. ती बाटलीतच आहे. आपण दहा मिलिलिटर रक्त दिले तर त्यातील द्रवात माणसाच्या संपूर्ण डीएनएच्या जेमतेम काही हजार प्रती भरतील एवढेच तुकडे असतात. गाठ लहान असली तर दहा हजारांत एखादाच तुकडा गाठीचा असतो, कधी त्याहूनही कमी. म्हणजे आपण शोधतो ती चूक त्या बाटलीत आलीच नसेल, अशी पूर्ण शक्यता आहे. विहिरीत एक मासा असेल आणि आपण एक तांब्या पाणी काढले, तर तांब्यात मासा नाही म्हणून विहिरीत मासा नाही, असे म्हणता येईल काय? म्हणूनच अलीकडच्या रीती एकाच चुकीवर विसंबत नाहीत, हजारो ठिकाणच्या खुणा एकत्र पाहतात. त्याने अडचण कमी होते, नाहीशी होत नाही.

आता माझ्या धंद्यातला हिशेब. रोखपालाचे काम आपण पाहिले असेल. नोटांच्या गड्डीतून बनावट नोट काढायची तर दोन तऱ्हेचे रोखपाल असतात. एक अतिसंशयी. जरा जुनी, मळकी नोट दिसली की बाजूला काढतो. बनावट नोट त्याच्या हातून सहसा सुटत नाही, पण चांगल्या नोटांचाही ढीग बाजूला पडतो आणि रांगेतले ग्राहक वैतागतात. दुसरा अतिसावध. पूर्ण खात्री झाल्याशिवाय नोट बाजूला काढीत नाही. तो चांगल्या नोटेला बोट लावत नाही, पण सफाईदार बनावट नोटा त्याच्या हातून निसटतात. रक्ताच्या चाचण्याही अशाच दोन तऱ्हेच्या आहेत.

समजा, पन्नाशी उलटलेली, वर्षानुवर्षे धूम्रपान केलेली एक हजार माणसे आहेत. मोठ्या अभ्यासांतील पहिल्या स्कॅनचा अनुभव पाहता त्यांच्यात सुमारे दहा जणांना कर्करोग असेल. तुकड्यांच्या लांबीची चाचणी संशयी रोखपालासारखी आहे. ती शंभर रोग्यांतील सुमारे ८० ओळखते, पहिल्या अवस्थेत याहून काहीशी कमी. पण निरोगी माणसांपैकी शंभरात सुमारे ४५ जणांनाही ती होकार देते. म्हणजे दहातील आठ सापडतील, आणि ९९० निरोगी माणसांतील सुमारे ४४५ जण उगाच घाबरतील. ही चाचणी रोग ठरवण्यासाठी नाहीच. हजारांऐवजी साडेचारशे माणसांनाच स्कॅन करावा लागेल, यासाठी ती चाळणी आहे. आणि उरलेल्या साडेपाचशेत दोन रोगी आहेत, हे विसरायचे नाही.

दुसरी, अनेक कर्करोग एकदम शोधणारी, रासायनिक खुणांची चाचणी सावध रोखपालासारखी. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती निरोगी शंभरांतील ९९.५ जणांना बरोबर सोडून देत होती. पण पहिल्या अवस्थेतील फुप्फुसाचा कर्करोग तिने पाचात एकाच्या आसपास ओळखला. आपल्या हजार माणसांत दहाही रोगी पहिल्या अवस्थेतले असतील, तर दोन सापडतील आणि आठ जण समाधानाने घरी जातील. हे समाधानच मला सर्वांत घातक वाटते. "रक्त तपासले, काही निघाले नाही," असे म्हणून माणूस पुन्हा विडी शिलगावतो आणि पुढच्या खोकल्याकडे दुर्लक्ष करतो.

आणि हीच चाचणी सरसकट सर्वांना केली तर? आपल्या देशात एक लाख लोकसंख्येमागे वर्षाला साधारण सहा जणांना हा रोग होतो. एक लाख माणसे तपासली तर त्या सहांपैकी काही सापडतील, आणि अर्धा टक्का या दराने सुमारे ५०० निरोगी माणसांना कोणत्या ना कोणत्या कर्करोगाची भीती घातली जाईल. चाचणी तीच, यंत्र तेच; माणसे बदलली की उत्तराची किंमत बदलते. म्हणून धोका नसलेल्या तरुण माणसाने अशा चाचणीसाठी ठेव मोडणे म्हणजे भीती विकत घेणे होय.

येथे एक गल्लत होते, तीही दूर करतो. ज्याला कर्करोग आहे हे निश्चित झाले आहे, त्याच्या रक्तातील डीएनए तपासून कोणते औषध लागू पडेल हे ठरवण्याची पद्धत खरोखर उपयोगी आहे. इजीएफआर नावाच्या जनुकात विशिष्ट बदल असेल तर काही गोळ्या चांगल्या लागू पडतात. रक्तावरून हा बदल शोधणाऱ्या चाचणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली मान्यता दिली. मोठ्या गाठी रक्तात अधिक तुकडे टाकतात, म्हणून तेथे ती चालते. "रक्तावरून कर्करोग कळतो" हे वाक्य कानावर पडले, तर ते रोग्याविषयी आहे की निरोगी माणसाविषयी, हे प्रथम विचारले पाहिजे.

मग कोणी असे पॅकेज पुढे केले तर काय करावे? पैसे भरण्यापूर्वी पाच प्रश्न विचारा. एक, ही चाचणी निरोगी माणसासाठी आहे की रोग ठरलेल्या रुग्णासाठी? दोन, पहिल्या अवस्थेतील शंभर रोग्यांपैकी ती किती ओळखते? तीन, शंभर निरोगी माणसांपैकी किती जणांना उगाच होकार देते? चार, होकार आला तर पुढचा स्कॅन आणि बायोप्सी कोठे होणार व खर्च कोण करणार? पाच, या चाचणीने मृत्यू कमी झाल्याचा पुरावा आहे काय? समोरचा माणूस या पाच प्रश्नांची उत्तरे देऊ शकत नसेल, तर आपली ठेव बँकेत सुरक्षित आहे, ती तेथेच राहू द्या.

याचा अर्थ हातावर हात ठेवून बसायचे, असा मुळीच नाही. ज्यांचे धूम्रपान दीर्घकाळचे आहे आणि वय पन्नाशीच्या पुढे आहे, त्यांनी कमी किरणांच्या सीटी स्कॅनविषयी छातीच्या डॉक्टरांशी बोलावे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर सरकारी केंद्रात थुंकी तपासून घ्यावी, ती तपासणी विनामूल्य आहे. क्षयाचे जंतू सापडले तर औषध पूर्ण करावे, मध्येच सोडू नये. परंतु जंतू न सापडताच क्षयाची औषधे सुरू झाली असतील आणि काही आठवड्यांत वजन, भूक, खोकला यांत सुधारणा नसेल, तर डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावे, "साहेब, कर्करोगाची शंका घ्यायला हवी काय? सीटी स्कॅन आणि बायोप्सी करावी काय?" असे विचारणे हा उद्धटपणा नाही. थुंकीतून रक्त पडणे, आवाज बसून तो न सुटणे, चेहऱ्यावर सूज येणे, बोटांची टोके फुगीर होणे, विनाकारण वजन घटणे, यांपैकी काहीही दिसले तर रक्ताच्या चाचणीचा निकाल काहीही असो, थांबू नये.

आणि ज्याला एक पैसा लागत नाही तो उपाय सर्वांत मोठा आहे. विडी, सिगारेट सोडा. सोडल्यानंतर दहा वर्षांत या कर्करोगाचा धोका, ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत, साधारण निम्म्यावर येतो. जगातल्या कोणत्याही चाचणीने एवढे साधलेले नाही. पाकिटावर १८००-११-२३५६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो, तो सोडण्यासाठी मदत मिळावी म्हणूनच. तसेच हा रोग फक्त ओढणाऱ्यांनाच होतो असे नाही. दगडखाणीतील धूळ, अ‍ॅस्बेस्टॉस, डिझेलचा धूर, बाहेरची दूषित हवा, यांनीही होतो असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ठरवले आहे, आणि लाकूड-गोवऱ्यांच्या चुलीचा धूरही तिने संशयितांच्या यादीत घातला आहे. रस्त्यावर डांबर टाकणारा, जुने पत्रे फोडणारा, खाणीत उतरणारा कोण असतो, हे मी या सभेला सांगण्याची आवश्यकता नाही. अमेरिकेतल्या अभ्यासांत धोका मोजला गेला तो सिगारेटच्या पाकिटांत. आपल्या माणसांचा धोका विडीच्या बंडलात, चुलीच्या धुरात आणि कामाच्या धुळीत आहे. या चाचण्या आपल्या रक्तावर, क्षयाच्या वणांसह, तपासल्या गेल्या पाहिजेत, ही मागणी आपण केली पाहिजे.

मला आशा आहे. ज्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयात काढलेल्या रक्तावरून "यांना स्कॅनसाठी पाठवा" असे खात्रीने सांगता येईल आणि स्कॅन व शस्त्रक्रिया त्या माणसाच्या आवाक्यात असेल, त्या दिवशी हा शोध गरिबाच्या दारी आला असे मी म्हणेन. तोवर रक्ताच्या चाचणीचा होकार म्हणजे निकाल नव्हे, आणि नकार म्हणजे निरोगी असल्याचा दाखला नव्हे, एवढे आजच्या सभेतून प्रत्येकाने घरी न्यावे. घरात कोणी महिनाभर खोकत असेल तर उद्या सकाळी त्याला दवाखान्यात न्यावे.